पडून राहिलेलं पत्र

३ मार्च
नवी नोकरी लागली! चाळीस वर्षं दारोदार पत्रं वाटली, आता खुर्चीत बसून लोकांची ऑनलाइन पत्रं सांभाळायची. म्हाताऱ्याला खिडकीशी टेबल मिळालं. सगळे 'पोस्टमनकाका' म्हणतात. रोजनिशीसाठी स्क्रीनवर कंपनीचीच वही, शाई सांडायची भीती नाही. लेकीला कळवलं. ती नर्स आहे, जिभेला धार आईची. म्हणाली, बाबा, आता तरी कुत्री मागं लागणार नाहीत.

४ मार्च
काम कळलं. सरकारी खाती लोकांची पत्रं मागतात. पत्र सहा महिन्यांच्या आतलं असेल तर न्यायाधीशाचा हुकूम हवा. त्याहून जुनं असेल तर त्याच खात्यातल्या साहेबाच्या सहीची चिठ्ठी पुरे. मी तारीख बघायची, शिक्का मारायचा. कायदा म्हणतो, इतके दिवस पडून राहिलेलं पत्र मालकानं टाकूनच दिलंय. म्हटलं, अहो, माणूस ठेवतो ते जपायला ना? कंपनीच्या वकीलबाई म्हणाल्या, काका, कायद्याला काळीज बसवायचं राहून गेलंय. मालकाला कळवायचंही नाही म्हणे. कळवलं तर तुरुंग.

१९ मार्च
फाटकाशी एक बाई रडत होती. नवऱ्याला उचलून नेलं. आमची पत्रं कुणी दिली, विचारत होती. शिक्का माझाच. मान खाली घालून आत आलो. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते कुंपण मी.

२५ मार्च
जेवताना लेकीचं पत्र आठवलं. संपातले दोन जखमी तिनं घरी लपवले होते. लिहिलं होतं, बाबा, वाचून लगेच पुसून टाका. मी पुसलं नाही. उभ्या जन्मात कुणाचं पत्र फेकलं नाही, पोटच्या पोरीचं कसं फेकू? तारीख पाहिली. २७ सप्टेंबर. परवा सहा महिने भरतात.

२६ मार्च
पुसलं. वकीलबाई म्हणतात, पुसलेलंही कंपनीच्या कोठारात राहतं. भाजीवालीच्या हाती लेकीला निरोप धाडला. दुपारीच ती मावशीच्या गच्चीवरच्या खोलीत गेली. हुश्श.

२८ मार्च, सकाळ
चिठ्ठी आली. नाव माझं. पत्र घ्या म्हटलं, तिचं घर तर रिकामं — पण खाली आणखी एक ओळ. 'आणि रोजनिशीची वही.' वही ताजी आहे! हुकूम हवा! वकीलबाई वर न बघता म्हणाल्या, कायद्यात हुकूम पत्राला लागतो, काका. वहीला नाही.

दुपार
गच्चीची ओळ पुसतो. पुन्हा उमटते. पुसतो —

लेकीला फोन. लागला. ती नाही — कुणी पुरुष — सावकाश वाचून दाखवतोय — भाजीवाली — गच्ची — हुश्श — आता ही ओळ — मी लिहितोय ती — माझ्या आधी —