वळणावरचा पंच

ता. ३, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. पाकीट बघून दचकू नका, आम्ही तिघंही धडधाकट आहोत. फोनवर सांगता आलं असतं, पण आपला फोन म्हणजे तुमचा भाऊ शेजारी बसणार आणि माझी वाक्यं तोच पुरी करणार. म्हणून म्हटलं, लिहावं.

तुम्ही विणलेला स्वेटर मिळाला. बाह्या जरा आखूड झाल्यात, पण त्यात तुमची चूक नाही. टिंगूला आता टिंगू म्हणायची सोय राहिलेली नाही, बाराव्या वर्षीच पोरगी माझ्या खांद्याच्या वर गेली आहे. इथे थंडी आहे, घरमालकाने गळका नळ अजून दुरुस्त केलेला नाही, माझे गुडघे जसे होते तसेच आहेत. झालं, बातम्या संपल्या.

आता घरच्या ग्रुपवर तुम्ही जे लिहिलंत त्याबद्दल. "पोटच्या पोरीलाही सोडलं नाही, याला म्हणतात सचोटी. शेवटी आमच्या घरचं रक्त!" खाली सगळ्या नातेवाइकांचे अंगठे आणि टाळ्या. मी काहीच टाकलं नाही, हे तुमच्या नजरेतून सुटलं नसेलच. काकांनी तर विचारलंच, सूनबाई गप्प का?

गप्प का, ते सांगते.

इथल्या पोहण्याच्या क्लबात स्पर्धेच्या दिवशी प्रत्येक घरातल्या एका पालकाने काहीतरी काम करायचं असतं. कुणी घड्याळ धरतं, कुणी ओले टॉवेल गोळा करतं. तुमच्या भावाने पंचाचं काम मागून घेतलं. त्यासाठी दोन संध्याकाळी शिकायला गेला, नवा पांढरा शर्ट घेतला, आरशासमोर हात वर करून बघितला. तलावाच्या टोकाला, मुली भिंतीला हात लावून वळतात तिथे उभं राहायचं आणि दोन लेनवर नजर ठेवायची. बेडकासारखं पोहतात ना, त्या प्रकारात वळताना दोन्ही हात एकदम भिंतीला लागावे लागतात. एकच लागला की पंचाने हात वर करायचा, मुलगी बाद. नियम एवढाच.

त्याच्या दोन लेनपैकी एकीत टिंगू होती. मुख्य पंच बाई स्वतः येऊन म्हणाल्या, तुमचीच मुलगी आहे, दुसऱ्या टोकाला जाता का? तर हा म्हणाला, गरज नाही, मला सगळी मुलं सारखी. हे मी वर बसून ऐकलं. सगळीकडे वाफ कोंदलेली, बसायला ओली फळी, क्लोरीनने डोळे चुरचुरतायत, पण मी मुद्दाम त्या भिंतीच्या अगदी डोक्यावरची जागा धरली होती. मला तिचं वळणं बघायचं होतं. त्या वळणासाठी पोरगी गेलं वर्षभर पहाटे उठून मरमर करतेय.

पहिल्या दोघींची क्लबच्या संघात निवड होणार होती. टिंगू दुसरी आली. तिने पाण्यातूनच वर बघून मला हात केला. तुमच्या भावाचाही हात वर होता, पण तो तिला बाद करायला.

कपडे बदलायच्या खोलीत ती ओल्या अंगाने बाकावर बसली होती. मी तणतणत आत गेले, तर मलाच म्हणाली, "आई, बाबांना काही बोलू नकोस. माझा खरंच एकच हात लागला. मला तेव्हाच कळलं होतं." हुंदके देत होती आणि हेच म्हणत होती. ताई, सचोटीचंच कौतुक करायचं असेल तर तिचं करा. तिच्यासाठी ग्रुपवर कुणी एक ओळ लिहिली नाही.

बाहेर माइकवरून जाहीर झालं की आजच्या एका पंचाने स्वतःच्या मुलीला बाद केलं. टाळ्या पडल्या. याच्या ऑफिसातले साहेब पुढे झाले, त्यांनी पाठ थोपटली आणि तुम्ही ग्रुपवर पाहिलात तो फोटो निघाला. त्या साहेबांची ओळख करून द्यायची राहिलीच. याचा नोकरीचा करार या उन्हाळ्यात संपतो, आणि तो वाढवायचा की नाही हे ते ठरवतात. त्यांची मुलगी टिंगूच्या शेजारच्या लेनमध्ये होती, म्हणजे याच्याच दोन लेनपैकी दुसरीत. आली होती तिसरी, टिंगू बाद झाल्यामुळे दुसरी झाली आणि संघात गेली.

वळताना तिचाही एकच हात लागला होता.

मला वरून स्पष्ट दिसलं, पण म्हटलं, आपल्याला नियमातलं काय कळतं. गाडीत टिंगूनेच विषय काढला. भांडायला नव्हे, शाळेतली शंका विचारावी तशी. "बाबा, तिचाही एकच लागला ना?" मला वाटलं, हा म्हणेल, नाही गं, मला नाही दिसलं. तेवढं खोटं त्याला सुचलं असतं तर आज मी हे पत्र लिहीत नसते. हा म्हणाला, "दिसलं ना. पण दुसऱ्याच्या मुलीचं आपण कशाला काढायचं? आपण इथे बाहेरची माणसं. आपलं आपण चोख ठेवावं."

"मग माझंच का?"

"तू घरचीच आहेस बेटा. तू समजून घेशील."



परक्या देशातली भीती मला कळत नाही असं नाही. करार गेला तर घर सोडावं लागेल, पोरीची शाळा सुटेल. मीही इथे कामावर चार अपमान गिळतेच की. त्याने दोघींकडे बघून डोळे मिटले असते तरी मी एका शब्दाने बोलले नसते. पण भीती साहेबाची, शिक्षा पोरीला, आणि वर शाबासकी स्वतःला! मला त्याची लाज वाटते, ताई. आणि ती सांगायची तरी कुणाला, सगळे त्याचं अभिनंदन करण्यात गुंतलेत.

टिंगू रुसलेली नाही. रुसली असती तर बरं होतं. "हो बाबा", "चालेल बाबा", "थँक यू बाबा". बँकेतल्या माणसाशी बोलावं तशी बोलते. आणि हा मला सांगतो, बघ, किती समजूतदार झाली!

महिनाअखेरच्या रविवारी आणखी एक चाचणी आहे, संघात एक जागा शिल्लक आहे. टिंगू उतरणार आहे. परवा मी भांडी घासत होते तेव्हा मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबांना सांगू नकोस."

मी विचारलं, "पुन्हा बाद करतील म्हणून घाबरतेस?"

"नाही. बाबांचे साहेब पण येणार आहेत. बाबा त्यांच्यासमोर कसे हसतात ना, ते मला परत नाही बघायचं."

मी नळ चालूच ठेवला.

तर तुमच्याकडे एक मागणं आहे. त्या दिवशी इथल्या सकाळी दहाला आम्ही दोघी वाचनालयात जातो म्हणून सांगणार आहोत. हा सोडायला येतो म्हणून मागे लागेल. तुम्ही नेमका तेव्हाच त्याला फोन करा, आणि नेहमीसारखं पाच मिनिटांत आवरतं घेऊ नका. त्याच्या सचोटीचा विषय काढा. तासभर जागचा हलणार नाही.

तुमच्या भाचीची आई