अण्णांची आठवण बरोबर होती

मी खाली सही करणारा, वय सव्वीस, लिफ्ट-मेकॅनिक, शिक्षण आठवी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. उद्या सकाळी माझ्या डोक्याची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणतात घाबरू नका, पण सह्या चार ठिकाणी घेतल्या.

१. माझ्या खोलीतले सामान व बँकेतली शिल्लक ताईची. कपाटाचे दार उचलून लावावे, ओढू नये.

२. माझी हत्यारे अण्णांच्या मुलीला. अण्णांनी मला हे काम शिकवले, आता ती शिकते आहे. कामावरच्या साहेबांनी नेलेली माझी टॉर्च तिने मागून घ्यावी. दोन वर्षे "उद्या देतो" चालू आहे.

३. रद्दीतून आणलेल्या जुन्या अद्भुत कादंबऱ्या, नग सतरा, त्याही ताईला. एकीत आकाशातून पाहुणे येतात. ते काहीच करत नाहीत. फक्त विचारतात, तुमच्यात नकोसा कोण? लोक संध्याकाळपर्यंत याद्या आणून देतात. पाहुणे त्या न वाचताच निघून जातात. मागे लोक उरतात आणि त्यांच्या याद्या.

"यात राक्षस कुठेय रे?" ताईने विचारले होते.

"नाहीये. म्हणून तर झोप येत नाही."

"मग वाचतोस कशाला, येड्या?"

कशाला, ते पुढच्या कलमात आहे.

४. आमच्याकडे काम करताना मुख्य स्विचवर आपापला नंबराचा बिल्ला लटकवतात. बिल्ला असेपर्यंत स्विच चालू करायचा नाही, आणि ज्याचा बिल्ला, त्यानेच काढायचा. गेल्या वर्षी अण्णा लिफ्टच्या खड्ड्यात होते. ते वर आले असे समजून मी त्यांचा बिल्ला काढला व स्विच चालू केला. त्यांची तीन बोटे गेली. सगळे तिकडे धावले तेव्हा मी बिल्ला त्यांच्या पिशवीत टाकला. तसे करायला मला कोणी सांगितले नव्हते. अहवालात आले, "बिल्ला लावलाच नव्हता." त्यांची नोकरी गेली.

मी भेटायला गेलो तर म्हणाले, "लावल्यासारखं आठवतंय रे. पण पिशवीत निघाला ना! डोकंच गेलं माझं." आता ते गॅस बंद केला का, हे तीनतीनदा उठून पाहतात.

अण्णांनी बिल्ला लावला होता. त्यांचे डोके शाबूत आहे.

५. इथवर लिहून साक्षीसाठी शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांना दिले. वाचून त्यांनी चष्मा काढला.

"हे तू मेल्यावर उघडायचं?"

"हो."

"आणि वाचलास तर?"

मी नसेन तरच खरे बाहेर पडेल, अशी सोय मी नीट शुद्धलेखन तपासून केली होती. म्हणून एक प्रत आजच साहेबांकडे पाठवली आहे, आणि अण्णांना बोलावले आहे. कलम चार मी त्यांना स्वतः वाचून दाखवीन.

नर्सबाई सांगतात, ते खाली आले आहेत. लिफ्टने येत नाहीत, जिन्याने येत आहेत. म्हणजे मला पाच मजले मिळाले. तेवढ्यात सही करतो.

सही: लिफ्ट-मेकॅनिक
साक्षीदार: १. निवृत्त मास्तर, खाट बारा २. नर्सबाई, दुपारची पाळी
ठिकाण: पुरुष विभाग, पाचवा मजला, खाट अकरा
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपारी चार वाजून दहा मिनिटे