वायरीचा विषय सोडून बाकी क्षेम

तीर्थस्वरूप काकांच्या पायांशी, दूरदेशी माइक पुसणाऱ्या पुतण्याचा वाकून नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण काही नाही. (कारणाशिवाय मी पत्र लिहीत नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण सुरुवात अशीच करायची असते हे तुम्हीच शिकवलंत.) काकूंचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून तुमच्याच नावाने ठणाणा करतात का? शिलाई मशीनची मोटर जळाल्यापासून तुम्ही पुन्हा पायाने मशीन चालवता असं ऐकलं, तर पोटऱ्यांना तेल लावत जा. वायरीचा विषय मी या पत्रात काढणार नाही. तुमच्या मीटरवरून मागच्या दोन खोल्यांना गेलेली वायर तुम्ही ओढून घेतलीत, आईच्या घरात दोन महिने दिवा नाही, ती दिवस मावळायच्या आत जेवते आणि फोन वाण्याकडे नेऊन चार्ज करते, हा दीर-भावजयीचा मामला आहे. तिनेही मला बजावलंय की भावजींपुढे तोंड उघडायचं नाही. मी उघडलेलं नाही. लिहितोय फक्त.

आता माझं. इथे एक मोठी इमारत आहे, तिच्यात माणसं फक्त बोलायला येतात. मी तिथला लाईटवाला. म्हणजे माइक लावायचे, बल्ब बदलायचे, खुर्च्या मोजायच्या, आणि कुणी बोलताना जांभई द्यायची नाही. (शेवटचं सगळ्यात अवघड.) तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलंय, काम नीट केलं तर कायम करतील. गेल्या आठवड्यात शेजारच्या पाच देशांची बैठक होती. विषय असा की पाचांनी मिळून विजेचं एकच धोरण ठरवायचं: एकाकडे कमी पडली तर दुसऱ्याने द्यायची, तारा एकमेकांना जोडायच्या, वगैरे. कानात भाषांतराचं यंत्र घालून बसतात. तपासणीच्या नावाखाली एक मीही घालून बसायचो, त्यामुळे मला सगळं कळत होतं आणि त्यांच्यातल्या अर्ध्यांना काही कळत नव्हतं.

देशांची नावं लिहिण्यात अर्थ नाही, मलाही ती नीट लिहिता येत नाहीत. मी आपली ओळखीसाठी नावं पाडली. नदीवाले, त्यांच्याकडे धरणं. कोळसेवाले, त्यांच्याकडे खाणी. उन्हावाले आणि वारेवाले, त्यांच्याकडे काय ते नावातच आलं. आणि पाचवे गरजवाले, त्यांच्याकडे गरज. द्यायची हे पहिल्या तासात ठरलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मग कोणीतरी विचारलं, की दिलेली तोडायची कधी आणि कोणी? झालं. तिथे जी गाडी रुतली ती दोन दिवस हलेना. नदीवाले म्हणत, आमच्या धरणात पाणी कमी झालं तर आम्ही बटण बंद करणार, विचारत बसणार नाही. कोळसेवाले म्हणत, मग आम्हीही. म्हणजे लग्नाच्या बैठकीतच काडीमोडाची यादी चालू. (आपल्याकडे निदान वरात तरी घरी येऊ देतात.)

दुसऱ्या दिवशी बरोबर अकरा वाजता सभागृहाचा फ्यूज उडाला. विजेवर बोलणारी साठ माणसं अंधारात बसली. मी धावत जाऊन बसवला, तो पुन्हा उडाला. असं चार वेळा. कारण सांगतो. उन्हावाल्यांना गारवा लागतो, म्हणून त्यांनी एसी इतका खाली नेऊन ठेवला की तिथे मासळी टिकली असती. बाकीच्यांना हुडहुडी. मग वरच्या मजल्यावर ज्याच्या त्याच्या कचेरीसाठी दिलेल्या खोल्यांत कोणीतरी हीटर आणून लावले, दुपारच्या सुट्टीत हातपाय शेकायला. एसी आणि हीटर एकाच लाइनवर. म्हणजे एकाने घर गार करायचं, दुसऱ्याने गरम, आणि मध्ये माझा फ्यूज.

आमचे सुपरवायझर (पोट पुढे, सही मागे) म्हणाले, हीटर कोणाकडे आहे ते शोध, नाहीतर तूच घरी जाऊन शेकत बस. मी पाचही दारं वाजवली. नदीवाले म्हणाले आमच्याकडे नाही, कोळसेवाल्यांकडे बघ. कोळसेवाले म्हणाले छे, वारेवाल्यांकडे असेल. उन्हावाले म्हणाले आम्हाला हीटर कशाला, आम्ही जन्मतःच तापलेले. (त्यांच्या टेबलाखाली लाल उजेड दिसत होता, पण पाहुण्याच्या टेबलाखाली वाकायचं कसं?) गरजवाल्यांच्या खोलीत एक म्हातारी बाई शाल गुंडाळून एकटीच कागद वाचत होती. तीही नाही म्हणाली. बाकीच्यांचं नाही मी ऐकून घेतलं. हिचं मला पटलं नाही. आता विचार करतो तर कारण एवढंच, की ती मोठ्याने बोलली नाही आणि तिच्या बाजूने बोलायला खोलीत दुसरं कोणी नव्हतं. मी खाली गेलो आणि सगळ्यात आधी तिच्या खोलीचा फ्यूज काढून खिशात घातला.

सभागृहाचा फ्यूज पाचव्यांदा उडाला. मग मी बाकी चारही खोल्यांचे फ्यूज एकेक करून काढले, आणि चौथा काढल्यावर दिवे टिकले. माझ्या दृष्टीने काम फत्ते. त्यांच्या दृष्टीने काय झालं असेल? दोन दिवस ज्यांचं एका ओळीवर एकमत होत नव्हतं ते पाच देश पंधरा मिनिटांत एक झाले आणि माझ्याविरुद्ध तक्रार लिहून मोकळे. तिच्यात असं की, कोणाचीही वीज आधी न सांगता, कारण न देता आणि त्याचं म्हणणं न ऐकता तोडू नये. खाली पाच सह्या. नदीवाल्यांची सगळ्यात वर. तक्रार सुपरवायझरच्या हातात आली, त्यांनी ती वाचली, माझ्याकडे बघितलं आणि माझ्या ओळखपत्राची दोरी गळ्यातून काढून घेतली.

तेवढ्यात गरजवाल्यांच्या बाईने मला वर बोलावलं. मला वाटलं आता उरलीसुरली अब्रू इथे निघणार. भाषांतराचं एक यंत्र तिच्या कानात, एक माझ्या. तिने खोली दाखवली. हीटर नव्हताच. एक दिवा आणि एक टेबल, बस. तिने विचारलं, "सगळ्यात आधी माझाच का काढलास?"

मी म्हणालो, संशय आला.

"संशय यायला काय लागतं?"

काका, मला उत्तर येत होतं, पण ते कानातल्या यंत्रातून सगळ्या मजल्याला ऐकू गेलं असतं. तिने माझ्यापुढे हात केला. मी खिशातला फ्यूज तिला दिला. तिने तो परत माझ्याच हातात ठेवला आणि म्हणाली, "जा, लाव. आणि लावून झाला की वर येऊन सांग."

दुपारी ती त्या तक्रारीचा कागद घेऊन सभागृहात उभी राहिली. शांतपणे म्हणाली, या पोराविरुद्ध आपण पाचांनी जे लिहिलं ते आपल्याविरुद्धही लागू करू या, सह्या तर झाल्याच आहेत. मी मागे माइक धरून उभा होतो. नदीवाल्यांच्या प्रमुखाने चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि आपलीच सही ओळखू येत नसल्यासारखा बघत बसला. शेवटी पास झालं. तोडण्याआधी सांगायचं, कारण द्यायचं, आणि ज्याची तोडायची त्याचं ऐकायचं. हीटर कोणाचे यावर मात्र चारही देशांनी मौन पाळलं, ते धोरणात आलेलं नाही. दोरी मला परत मिळाली. कायम करण्याचं अजून कोणी बोलत नाही.

असो. तब्येत ठीक आहे. पत्र लांबलं, कारण हात चालू झाला की थांबत नाही, हे घराण्यातलं आहे. काकूंना नमस्कार, तुम्हाला दोनदा.

तुमचाच,
सातवीतून तुम्ही काढलेला आणि दोरीवर टिकलेला

ता. क. वायरीचा विषय काढणार नव्हतो, पण आता कागद उरलाय. मोटर जळाली तेव्हा तुम्ही म्हणालात की वहिनीच्या इस्त्रीने जळाली. ती इस्त्री तुमच्याच दुकानाच्या कपड्यांवर फिरायची, आणि दहा वर्षं फिरली तरी काही जळलं नव्हतं. वायर परत जोडा, काका.

आणखी एक. इस्त्री नव्हतीच. मी होतो. मागच्या अंगणात सायकलचं कॅरिअर जोडायला मित्राचं वेल्डिंग मशीन आणलं आणि आईच्या बोर्डात लावलं. दिवा एकदा मंदावून एकदम लख्ख झाला, पुढच्या खोलीतून तुमचा आरडाओरडा ऐकू आला, आणि मी मशीन पोत्यात घालून भिंतीवरून मित्राकडे टाकलं. तुम्ही तिला विचारलंत, ती नाही म्हणाली. मला तुम्ही विचारलंच नाहीत. विचारलं असतंत तर मीही नाहीच म्हणालो असतो, म्हणून तर इथली नोकरी इतक्या घाईने धरली. तेव्हा शिव्या मला ठेवा, आल्यावर घेईन. वायर मात्र आज जोडा, आणि आईला सांगा की चूक सापडली. कोणाची, ते मी माझ्या तोंडाने सांगेन.

शेवटचं. तिला सांगायची गरज नसावी असं आजच लक्षात आलं. त्या दिवशी ठिणग्यांनी माझ्या शर्टाच्या बाहीला तीन भोकं पडली होती, मी शर्ट घडी घालून पिशवीत तळाला दडवला होता. आज पहिल्यांदा घालायला काढला. तिन्ही भोकं रफू केलेली आहेत, तुमच्या दुकानातल्या निळ्या दोऱ्याने.