रेडिओविरुद्धचा जबाब

मंगळवार, १९ मार्च

ताई,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा बरा आहे. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय, त्यामुळे ती मुद्दाम चढून दाखवते. घरमालकाने अखेर बाथरूमचा नळ बदलला. नवा नळ उलटा फिरतो, तेव्हा आम्ही दोघी रोज कपड्यांसकट भिजतो.

भावोजींची झोप उडाल्याचं वाचलं. निलंबन झालं तरी चौकशी संपलेली नाही, एवढं त्यांना सांग.

आता तू विचारलंस त्याबद्दल. मॅनेजर त्यांना म्हणाला, तक्रार कोणी केली ते लेखी आणून द्या, मग तुमचं बघू. सगळ्यांचा संशय रेडिओवर. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायचे, म्हणून जबाब मी लिहून द्यायचा, की तो फोनवर काय बोलायचा, कोणाला भेटायचा. ‘चार ओळी खरडायला तुझं काय जातं?’ असं तू लिहिलंयस.

रेडिओ बोलतो फार, म्हणून तर तो रेडिओ. पगारावर बोलतो, चहावर बोलतो, मॅनेजरच्या टायवर तर रोजच बोलतो. “एक दिवस मी वरपर्यंत जाणार!” हे त्याचं नेहमीचं. त्याची धाव दुसऱ्या मजल्यावरच्या कॅन्टीनपर्यंत. खरंच जाणारा माणूस इतका गाजावाजा करत नाही, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आमची खोली तू पाहिलेली नाहीस. हॉस्पिटलांमधले चिमटे, कात्र्या धुऊन आमच्या टेबलावर येतात. आम्ही ते कापडात बांधतो, घडीत एक पट्टी खोचतो आणि पाकीट वाफेच्या मशीनमध्ये जातं. वाफ नीट लागली की पट्टी काळी पडते. ती काळी दिसली की डॉक्टर निर्धास्त पाकीट उघडतात. मोठं मशीन बिघडलं तेव्हा दुरुस्तीची मंजुरी काही येईना, आणि गाड्या तर दारात उभ्या. खोलीची जबाबदारी भावोजींची, मग त्यांनीच युक्ती काढली. लहान मशीनमध्ये नुसत्या पट्ट्या काळ्या करून घ्यायच्या, आणि आम्ही त्या पाकिटांत खोचायच्या. मशीन दुरुस्त होईपर्यंतच, असं ठरलं होतं. मशीन तसंच पडून राहिलं.

मी त्यांना बोलले होते, तुमच्याच घरी, जेवताना. तुला आठवत असेल.

“भावोजी, पाकिटं गार लागतात हो हाताला.”

“मग स्वेटर विण त्यांना!”

तू हसलीस. मीही हसले. नंतर हात धुताना पुन्हा विषय काढला, तर हळूच म्हणाले, “मला काय कळत नाही का? पण गाडी रिकामी पाठवली तर उद्या मी घरी बसेन आणि माझ्यामागून तूही.” त्यांनी मशीनसाठी अर्जावर अर्ज केले, हे खरं आहे. सरकारी तपासणीवाल्या बाईंना मी ते पहिल्याच भेटीत सांगितलं.

हो, ताई. तक्रार मी केली.

गाडीचा ड्रायव्हर एकदा खोकी उतरवताना सहज म्हणाला, “तिकडे टाके पिकतायत म्हणे लोकांचे. एक बाळंतीण परत भरती झाली, बाळ घरी आणि ही इथे.” तेव्हा माझ्या हातात काळ्या पट्ट्यांचा गठ्ठा होता. त्या दिवशीची पाकिटं मी पुरी केली. खोटं कशाला बोलू, एकही मागे ठेवलं नाही. घरी जाऊन तक्रार लिहिली.

तपासणीवाल्या बाईंनी समजावून सांगितलं, की नाव गुप्त राहील, या कारणावरून कामावरून काढता येणार नाही आणि दंड वसूल झाला तर त्यातला हिस्सा मिळेल. त्या हिश्शाचं कलम मी सही करण्याआधी नीट वाचलं. तू विचारशीलच, म्हणून आधीच सांगते. पैशासाठी केलं नाही, पण पैसे मिळू शकतात हे माहीत असताना केलं. मिळाले तर घेईन.

रेडिओचं नाव पहिल्यांदा उठलं तेव्हा मला हायसं वाटलं. मी कोणाला काही सांगितलं नाही, फक्त गप्प राहिले. जेवायच्या सुट्टीत सगळे त्याच्या टेबलावरून उठले, तशी मीही डबा घेऊन उठले, नाहीतर लक्षात आलं असतं. त्याला आता गाड्या रिकाम्या करायला लावलंय. तू त्याच्या बायकोशी बोलणं टाकलंस, तुमच्या दोघींचं भाजीला जाणं बंद झालं, हे तू लिहिलंस तेव्हाही मी उत्तरात आईच्या गुडघ्याबद्दल लिहिलं. नाव गुप्त ठेवायची सोय माझ्यासाठी आहे. ज्याने काही केलंच नाही त्याने कुठे जाऊन काय सांगायचं?

काल दुपारी त्याच्यासमोर जाऊन बसले आणि सांगितलं. तो घास चावत राहिला.

“म्हणजे माझ्या जिवावर तू लपलीस?”

“हो.”

“आणि बक्षीसही तुलाच?”

“मिळालं तर.”

“च्यायला! आयुष्यभर बोललो मी, आणि केलंस तू.” तो हसला. मग डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, “माझी बायको तुझ्या ताईच्या दारावरून खाली मान घालून जाते. तिला काय सांगू, तेवढं सांग.” तो उठून पलीकडच्या टेबलावर जाऊन बसला. या वेळी तो उठला.

मी स्वतः नाव उघड केलं तर ते गुप्त ठेवणं आपल्या हातात राहणार नाही, असं बाईंनी बजावलं होतं. नोकरीवरून काढता येत नसलं, तरी माणसाला नकोसं करायचे मार्ग पुष्कळ असतात, ते रेडिओकडे बघून मला कळलंय.

तू मागितलेला जबाब सोबत पाठवतेय. तक्रार कोणी केली, केव्हा, कशी, सगळं सविस्तर आहे, खाली माझं पूर्ण नाव आणि सही. मॅनेजरला तो पुरेल आणि भावोजींचं काम कदाचित होईलही. द्यायचा की नाही ते तुम्ही दोघं ठरवा. दिलात तर मी कोणाला दोष देणार नाही. नाही दिलात तरी रेडिओच्या घरी तू स्वतः जाऊन सांग. तेवढं मी तुझ्याकडे मागते.

आईला यातलं काही माहीत नाही. तू कधी येणार म्हणून ती रोज विचारते. मी तिला ‘बघू’ म्हणते.

तुझी, तुला चालत असेल तर,
धाकटी