दुसरी प्रत

ताई,

तू हसशील, म्हणून हे पत्र पाठवणार नाही.

कॉलेजच्या मंगा क्लबात जपानी चित्रकथेच्या नव्या भागाची एकच प्रत यायची. मी आणि माझ्याहून लाजरा एक मुलगा ती शेजारी बसून वाचायचो. मी मान हलवली की तो पान उलटायचा. माझं वाचून कधीच झालेलं असायचं, तरी मी मान तशीच ठेवायचे.

आज दुसरी प्रत आली. तो आपली प्रत घेऊन समोर बसला. बराच वेळ त्याचं पहिलंच पान उघडं. शेवटी मीच धीर करून विचारलं, “वाचत का नाहीस?”

“तू मान कुठे हलवलीस?”

ताई, मानच काय, मला बोटसुद्धा हलवता येईना.

तुझी,
भित्री भागूबाई