न खणलेल्या तळ्याची वाटणी

मी, खाली सही करणारी बाई, वय एकाहत्तर, आज पूर्ण शुद्धीत आहे. डॉक्टरीणबाईंनी तपासून तसा दाखला दिला आहे. गुडघे गेले आहेत, डोके नाही. हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. रागाने मात्र जरूर लिहीत आहे, आणि तो सव्वीस वर्षे मुरलेला असल्याने उतरेल म्हणून कोणी वाट पाहू नये.

१. वडिलांनी मला लिहून दिलेली नऊ एकर जमीन, विहीर व पंप मी माझ्या मदतनीस बाईला देत आहे. बावीस वर्षे ती माझ्याबरोबर या शेतात राबली. मी आजारी असताना माझी वेणीही तिनेच घातली.

२. आता माझा धाकटा भाऊ. तो शहरात दातांचा डॉक्टर आहे. सरकारी अनुदान जो शेत कसतो त्याला मिळते. सव्वीस वर्षांपूर्वी तो म्हणाला होता, "ताई, फॉर्मवर पुरुषाचं नाव असलं की काम लवकर होतं. पैसे तुझेच गं." मी सही केली. तेव्हापासून कागदोपत्री शेत तो कसतो. अनुदान त्याला, कंबरदुखी मला. एकदा विचारले तर भावजय म्हणाली, "वन्सं, तुम्हा एकटीला असं लागतं तरी किती?" भावजयीला माझ्याकडून काहीही मिळणार नाही. एकटीला नाही लागत, तर दोघांनाही लागू नये.

३. दरवर्षी पाहणीचे साहेब येतात त्या दिवशी भाऊ गाडीने येतो आणि माझे गमबूट चढवतो. नवे घेतले तर चकाकतात, साहेबांना संशय येईल, म्हणून माझेच. बोटे दुमडून लंगडत बांधावर जाऊन उभा राहतो. एका वर्षी साहेबांनी शेरा मारला, "कष्टाने पाय अधू झालेला शेतकरी." मी त्यांना चहा देत होते. लहानपणी याच भावाच्या बुटांच्या नाड्या मी बांधत असे, म्हणून जास्त झोंबते.

४. सहा वर्षांपूर्वी त्याने शेताच्या पूर्व कोपऱ्यात तळे खणल्याचे दाखवून वेगळे अनुदान उचलले. फोटो शेजाऱ्यांच्या तळ्याचा. कोपऱ्यात आजही गवत आहे. मी गप्प बसले, हा माझा गुन्हा. ते तळे मी काठ, पाणी व मासे यांसह भावाला देत आहे.

५. मी गेल्यावर तो "शेत मीच कसलं" म्हणत हक्क सांगायला येईल. मी त्याला ओळखते. त्याच दिवशी शेजाऱ्यांकडे ठेवलेले माझे पत्र अनुदान कार्यालयात द्यावे. त्यात सगळे खरे लिहिले आहे, माझ्या गप्प बसण्यासकट. कसत होता तर त्याने तळे दाखवावे. कसत नव्हता तर सव्वीस वर्षांचे अनुदान परत करावे आणि जमिनीचे नाव काढू नये. मला धरायचे असेल तर साहेबांनी माझ्यामागे यावे.

६. गमबूट कोणालाही देऊ नयेत. ते कोर्टात हजर करावेत आणि भावाला घालायला लावून दहा पावले चालवावे.

ठिकाण : माझ्या स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक : १९ ऑक्टोबर, पाहणीच्या आदल्या दिवशी.
सही : मोठी बहीण, शेत कसणारी.

साक्षीदार पहिला, शेजारी : सही माझ्यासमोर झाली. फोटोतले तळे माझे आहे.

साक्षीदार दुसरा, चपलांचा दुकानदार : सही माझ्यासमोर झाली. बूट टेबलावर ठेवून मापले. नंबर सहा. डॉक्टरसाहेबांना आठही घट्ट होतो.