गटारीच्या संध्याकाळचा घास

बाबा, आज आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक डॉक्टरीणबाई लकव्यावर बोलून गेल्या. तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही, जीभ जड होते. यातलं एक जरी दिसलं तरी थांबू नका, तडक मोठ्या हॉस्पिटलात न्या, म्हणाल्या. सगळे माना डोलावत होते. मला बसवेना. मी चपला बघायच्या निमित्ताने बाहेर आले.

इतक्या वर्षांनीही डोळ्यांसमोर तीच गटारीची संध्याकाळ आहे. गिरणी बंद पडलीय, आपण दहिसरच्या चाळीत राहतो. गळ्यात माळ घातल्यापासून तुम्ही दारू सोडलीत, मासेही सोडलेत, म्हणून आईने तुमच्यापुरतं काळ्या वाटाण्याचं सांबारं केलंय. तुम्ही भिंतीला धरत धरत येता, पाय ओढत, काहीतरी बरळत. शेजारीण म्हणते, "माळकरी पण घसरले वाटतं आज." पॅसेजमधले सगळे हसतात. आई ताट वाढते, तर घास हातातून सुटतो. ती भरवते, तर तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून खाली. "गो, ह्यांका काय झाला बघ मां." मी म्हणते, "काय होणार? गटारी झाली. झोपू दे, सकाळी उतरेल." तुम्ही डाव्या हाताने माळ धरून मला दाखवत होतात. मी तोंड फिरवलं.

सकाळी उजवं अंग लुळं पडलेलं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी पहिलं विचारलं, बीपीच्या गोळ्या चालू होत्या का. डोकं दुखायचं थांबलं म्हणून तुम्ही त्या बंद केल्या होत्या, आणि आम्हालाही ते बरंच वाटलं होतं. बीपी न दुखताही वाढतं, हे आम्हाला कुठे ठाऊक. पुढची गटारी तुम्ही पाहिली नाहीत. तोवर एक शब्दही धड बोलला नाहीत.

मघाशी व्याख्यान संपल्यावर त्या डॉक्टरीणबाईंना गाठलंच. म्हणाल्या, "गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तेव्हा आपल्याकडे नव्हतंच हो. काय झालं असतं, सांगता येत नाही." त्यांना वाटलं, मला धीर आला.

मला लाज वाटते ती उशिराची नाही. तुमची माळ टिकायची नाही, असं मी चाळीत सांगत फिरले होते. हे लिहिलेलं तुम्हाला पाठवू तरी कुठे? आई होती तोवर तिलाही सांगितलं नाही. तुम्हाला झोपवताना मी वाकून तोंडाचा वास घेतला होता. दारूचा नव्हता, बाबा. सांबाऱ्याचा होता. आईने विचारलं, "येता काय गो वास?" मी म्हटलं, येतोय.